‘केवळ जोडप्यांसाठी’ : एका दाराचा इतिहास

१/
ऑक्टोबर २००४. कॅरिबियन समुद्रातील ‘सँडल्स’ या हॉटेलसाखळीने आपल्या नियमावलीतील एक अट रद्द केली. या साखळीत प्रवेश केवळ जोडप्यांना होता आणि जोडपे म्हणजे एक पुरुष व एक स्त्री, ही तिची व्याख्या होती. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया पूर्ण पैसे मोजायला तयार असल्या, तरी त्यांना खोली मिळत नसे. दोन दशकांहून अधिक काळ टिकलेली ही व्याख्या एका घोषणेसरशी संपली.

२/
त्या महिन्यात जमैकाचा कायदा बदलला नव्हता. बेटावरील चर्चची मते बदलली नव्हती. समुद्र, वाळू आणि खोल्या होत्या तशाच होत्या. अशा अटींच्या समर्थनार्थ जी कारणे एरवी दिली जातात, ती सारी जागच्या जागी असताना अट तेवढी गेली. म्हणजे त्या कारणांवर ती कधी उभीच नव्हती. मग ती कशावर उभी होती, हे पाहण्यासाठी बराच मागचा इतिहास चाळावा लागतो.

३/
प्रथम या धंद्याचा जन्म. एकदाच पैसे भरावेत आणि राहणे, खाणे, पिणे, खेळ सारे त्यातच मिळावे, ही कल्पना लोकप्रिय केली ‘क्लब मेड’ने. बेल्जियन क्रीडापटू जेरार ब्लिट्झ यांनी १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून तिचा आरंभ केला. महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या युरोपला पैशांचे पाकीट विसरून चार दिवस घालवण्याची ती सोय होती.

४/
जमैकात ही कल्पना वेगळ्या गरजेतून रुजली. १९६२ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश सत्तरच्या दशकात राजकीय हिंसाचाराने पोळला होता. १९७६ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर झाली. परदेशी पर्यटक किंग्स्टनच्या रस्त्यांना घाबरू लागले. तेव्हा हॉटेलवाल्यांनी उत्तर शोधले ते कुंपणाचे: पाहुण्याला सारे काही भिंतीच्या आतच द्यावे, म्हणजे त्याला बाहेर पाऊल टाकावे लागणार नाही. या व्यवसायाच्या पायातच ‘आत कोण आणि बाहेर कोण’ हा प्रश्न चिणलेला आहे.

५/
१९८१ मध्ये गॉर्डन ‘बुच’ स्टुअर्ट या जमैकन उद्योजकाने माँटेगो बे येथील ‘बे रॉक’ हे हॉटेल विकत घेतले. स्टुअर्ट मूळचे वातानुकूलन यंत्रांचे व्यापारी. हॉटेलधंद्याचा अनुभव नव्हता, पण गिऱ्हाइकाची नाडी अचूक कळत होती. डागडुजी करून त्यांनी हॉटेलला ‘सँडल्स’ हे नाव दिले. केवळ जोडप्यांचे हॉटेल ही कल्पना बेटावर आधीपासून होती. तिला प्रचंड व्यापारी रूप दिले ते स्टुअर्ट यांनी.

६/
पुढची वाढ थक्क करणारी आहे. नव्वदच्या दशकात साखळी अँटिग्वा, सेंट लुशिया, बहामा येथे पसरली. स्टुअर्ट यांनी ‘जमैका ऑब्झर्व्हर’ हे दैनिक काढले. १९९४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील गटाने ‘एअर जमैका’ ही विमानकंपनीही घेतली. परकीय भांडवलाच्या सावलीत वाढलेल्या बेटावर एका स्थानिक माणसाने उभारलेले हे साम्राज्य होते. जमैकन जनतेला त्याचा अभिमान वाटला, आणि तो वाटणे रास्तच होते. म्हणूनच त्या साम्राज्याच्या दारावरील अटीला केवळ एका दुकानदाराची लहर म्हणून सोडून देता येत नाही.

७/
पाहुण्यांना माणूस पाहून परत पाठवणाऱ्या हॉटेलांचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे आणि त्यातील युक्तिवाद विलक्षण एकसुरी आहेत. देश बदलतो, नाकारला जाणारा माणूस बदलतो, सबबी मात्र त्याच तीन राहतात.
पहिली: आमची हरकत नाही, पण इतर गिऱ्हाइकांना आवडत नाही.
दुसरी: देशाचा कायदा आणि संस्कृतीच तशी आहे.
तिसरी: मालमत्ता खासगी आहे, कोणाला घ्यायचे ते मालक ठरवील.
एकेक तपासून पाहू या.

८/
पहिली सबब: ‘इतर गिऱ्हाईक’.
१८७७, न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा. जोसेफ सेलिगमन हे अमेरिकेतील नामांकित बँकर. यादवी युद्धात सरकारचे कर्जरोखे खपवण्यात त्यांच्या पेढीचा मोठा वाटा होता. ते कुटुंबासह ‘ग्रँड युनियन’ हॉटेलात आले, तेव्हा त्यांना प्रवेश नाकारण्यात आला, कारण ते ज्यू होते. हॉटेलचा कारभार हेन्री हिल्टन यांच्या हाती होता (आजच्या हिल्टन साखळीशी यांचा संबंध नाही). ज्यू पाहुण्यांमुळे इतर पाहुणे दूर जातात, असे त्यांचे समर्थन होते.

९/
१९४३, लंडन. वेस्ट इंडीजचा थोर अष्टपैलू क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी पत्नी आणि मुलीसह रसेल स्क्वेअरमधील ‘इम्पीरियल’ हॉटेलात उतरला. खोल्या चार रात्रींसाठी आगाऊ ठरवल्या होत्या. पोहोचल्यावर त्याला सांगण्यात आले की, एकच रात्र राहता येईल. अमेरिकी गोऱ्या पाहुण्यांचा आक्षेप होता. कॉन्स्टंटाइन त्या वेळी ब्रिटिश सरकारच्या कामगार मंत्रालयात युद्धकाळातील जबाबदारीचे काम पाहत होता. त्याने हॉटेलवर खटला भरला.

१०/
१९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी निकाल कॉन्स्टंटाइनच्या बाजूने दिला. भरपाई मिळाली अवघी पाच गिनी. पण त्या पाच गिनींचे मोल मोठे होते. खोली रिकामी असेल, प्रवासी पैसे द्यायला तयार असेल आणि त्याचे वर्तन ठीक असेल, तर खानावळ-सराईवाल्याने त्याला आसरा दिलाच पाहिजे, हा इंग्लंडच्या परंपरागत कायद्याचा जुना दंडक होता. दुसऱ्या पाहुण्याची नावड हे तो मोडण्याचे सबळ कारण ठरले नाही.

११/
१९४८, किंग्स्टन. म्हणजे प्रत्यक्ष जमैका. ‘मर्टल बँक’ हे राजधानीतील अग्रगण्य हॉटेल. त्याच्या पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांनी उतरू नये, असा अलिखित नियम होता. इव्हन ब्लेक या कृष्णवर्णीय पत्रकाराने एके दिवशी सरळ त्या तलावात उडी घेतली. पाण्यातले गोरे पाहुणे भराभर बाहेर पडले. ब्लेक मात्र तलावातच थांबला. जमैकाच्या सामाजिक इतिहासात ती उडी आजही सांगितली जाते.

१२/
या तीन घटनांनंतर १९८१ ची अट वाचावी. ज्या बेटावरील बहुसंख्य लोकांना आपल्याच राजधानीतील तलाव एकेकाळी वर्ज्य होता, त्याच बेटावर, स्वातंत्र्यानंतर, एका जमैकन मालकाने दारावर नवी गाळणी बसवली. भेदभावाची झळ सोसलेला समाज भेदभाव करणार नाही, अशी भाबडी समजूत इतिहास पुन्हा पुन्हा खोटी पाडतो. अपमानाच्या आठवणीतून माणूस आपोआप शहाणा होत नाही. ते शहाणपण कमवावे लागते.

१३/
दुसरी सबब: ‘देशाचा कायदा’.
जमैकात १८६४ चा ‘ऑफेन्सेस अगेन्स्ट द पर्सन’ कायदा आजही लागू आहे. त्याच्या ७६ व्या कलमानुसार गुदमैथुनास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. हा कायदा इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्यावर बेतलेला. भारतीय वाचकाला ही भाषा ओळखीची वाटेल, कारण १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम त्याच साम्राज्याचे अपत्य होते. इंग्लंडने १९६७ मध्ये स्वतःच्या घरातील हा जुनाट कायदा सैल केला. वसाहतींना दिलेला वारसा मात्र तसाच राहिला.

१४/
तेव्हा कायदाच आडवा येत होता, असे म्हणावे काय? चार गोष्टी पाहाव्यात.
अ) जमैकाचा कायदा पुरुषांतील शरीरसंबंधांविषयी बोलतो. स्त्रियांमधील संबंध त्यात गुन्हा नाहीत. तरीही दोन स्त्रियांना दार बंदच होते.
आ) कायदा कृतीला शिक्षा सांगतो. दोन माणसांनी एक खोली घेणे हा त्यात गुन्हा नाही.
इ) बहामात प्रौढांचे संमतीने, खासगीत होणारे समलिंगी संबंध १९९१ पासून गुन्हा राहिले नाहीत. नव्वदच्या दशकातच ‘सँडल्स’ तेथे पोहोचली. पण अट सोबत घेऊन.
ई) २००४ मध्ये अट गेली. १८६४ चा कायदा तेथेच आहे. हॉटेले सुरळीत चालू आहेत.

१५/
चौथा मुद्दा निर्णायक आहे. कायद्यामुळे अट होती असे मानले, तर कायदा असेपर्यंत अट टिकायला हवी होती. ती टिकली नाही. ‘संस्कृती’चेही तेच. ज्या कायद्याला बेटाची प्राचीन संस्कृती म्हणून मिरवले जाते, त्याचा मसुदा लंडनचा आहे. गुलामगिरी ज्यांनी आणली त्यांनीच तो आणला. परक्याने घातलेली बेडी दागिना म्हणून जपण्याचा हा प्रकार आहे, आणि तो एकट्या जमैकात घडलेला नाही.

१६/
तिसरी सबब: ‘खासगी मालमत्ता’.
ही सर्वांत भारदस्त वाटणारी. १९६४ मध्ये अमेरिकेने नागरी हक्क कायदा केला आणि हॉटेलांत वर्णभेद करण्यास मनाई केली. अटलांटातील ‘हार्ट ऑफ अटलांटा’ या २१६ खोल्यांच्या मोटेलचा मालक लागलीच न्यायालयात गेला. इच्छेविरुद्ध कृष्णवर्णीय पाहुणे घ्यायला लावणे म्हणजे आपल्यावर गुलामगिरी लादणे होय, असाही युक्तिवाद त्याने केला. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी केलेल्या घटनादुरुस्तीचा आधार त्याने वर्णभेद टिकवण्यासाठी मागितला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला.

१७/
हा प्रश्न भारताच्या राज्यघटनेनेही सोडवला आहे, आणि त्यामागे एक जिव्हारी लागलेला अनुभव आहे. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

१८/
घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव करण्यास मनाई करते. मनाई केवळ सरकारला नाही, खासगी मालकालाही आहे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे, हे डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले. जो कोणी मोबदला घेऊन लोकांना सेवा देऊ करतो, तो त्यात आला.

१९/
यातले तत्त्व साधे आहे. स्वतःच्या घरात कोणाला बोलवावे, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. पण ज्याने पाटी लावली, जाहिरात दिली, दर छापले, साऱ्या जगाला ‘या’ म्हटले, त्याने आपले दार स्वखुशीने घराच्या दारापासून वेगळे केले. बाजारात उतरून नफा घ्यायचा आणि उंबरठ्यावर मात्र गृहस्वामी व्हायचे, या दोन्ही भूमिका एकाच वेळी घेता येत नाहीत.

२०/
येथे एक प्रामाणिक आक्षेप उरतो. जोडप्यांसाठीच हॉटेल असू नये काय? लहान मुलांचा गलबला नको असलेल्यांसाठी वेगळी जागा असण्यात गैर काय? उत्तर: फारसे गैर नाही. दोघांसाठी खोली, दोघांसाठी टेबल, मुलांविना शांतता ही सेवेची रचना झाली. परंतु ते दोघे कोण असावेत, हे ठरवणे ही माणसांची प्रतवारी झाली. दोन पुरुष दोनच खुर्च्यांवर बसतात, एकच खोली वापरतात आणि तेवढेच पैसे देतात. त्यांना वगळल्याने सेवेत काडीचीही सुधारणा होत नाही. वगळणे हीच तेथे विकली जाणारी वस्तू असते.

२१/
मग २००४ मध्ये घडले काय? उत्तर लंडनच्या भुयारी रेल्वेत आहे. केन लिव्हिंगस्टन हे तेव्हा लंडनचे महापौर. २००१ मध्येच त्यांनी समलिंगी जोडप्यांसाठी शहराची नोंदवही सुरू केली होती. त्यांच्या कारकिर्दीत शहराच्या भुयारी रेल्वेने ‘सँडल्स’च्या जाहिराती नाकारल्या. ब्रिटन ही साखळीची मोठी बाजारपेठ. नोव्हेंबर २००४ मध्ये ब्रिटनमध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीचा कायदा मंजूर झाला. अट त्याच्या महिनाभर आधी गेली होती.

२२/
हा क्रम बोलका आहे. नैतिकतेच्या, श्रद्धेच्या, संस्कृतीच्या नावाने जे दार घट्ट बंद होते, ते जाहिरातीच्या भिंतीवरून नाव उतरताच उघडले. ज्या शहरात कॉन्स्टंटाइनला एका रात्रीपलीकडे खोली मिळत नव्हती, त्या शहराने साठ वर्षांनी कॅरिबियनच्या हॉटेलाला पाहुण्यांशी कसे वागावे ते सुनावले. इंग्लंडला हा अधिकार आपल्या पुण्याईने मिळालेला नव्हता. तो कॉन्स्टंटाइनसारख्यांनी त्याला कोर्टात खेचून शिकवलेला धडा होता. त्यातही एका कॅरिबियन माणसाचा हात होता, हे विसरू नये.

२३/
विजयाचे ढोल वाजवण्यापूर्वी त्याच वर्षातील दुसरी तारीख पाहावी. ९ जून २००४ रोजी किंग्स्टनमध्ये ब्रायन विल्यमसन यांची त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी जमैकात उघडपणे, स्वतःच्या नावानिशी उभ्या राहिलेल्या पहिल्या काही माणसांपैकी ते एक. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘जे-फ्लॅग’ संघटनेचे ते सहसंस्थापक. घराबाहेर जमलेल्या गर्दीतील काहींनी त्यांच्या मृत्यूचा आनंद साजरा केला, अशी नोंद मानवी हक्क कार्यकर्त्यांनी केली आहे.

२४/
चार महिन्यांनी हॉटेलचे दार उघडले. कोणासाठी? लंडनहून, न्यूयॉर्कहून तिकीट काढून येणाऱ्या जोडप्यासाठी. भिंतीबाहेरच्या जमैकन तरुणासाठी तोच १८६४ चा कायदा, तेच भय. ती हत्या हॉटेलच्या अटीमुळे झाली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण विमानकंपनी आणि वृत्तपत्रापर्यंत पोहोचलेला, देशातील सर्वांत यशस्वी ठरलेला उद्योगसमूह वीस-बावीस वर्षे छापील शब्दांत सांगत राहिला की, ही माणसे जोडपे या शब्दातच बसत नाहीत. समाजाच्या हवेत असे शब्द साठत जातात.

२५/
आणि भिंत तर राहिलीच. जमैकाच्या १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्याने जनतेला समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क दिलेला नाही. किनारा सरकारच्या मालकीचा, परवाना हॉटेलांचा. ज्या वाळूवर परदेशी पाहुणा चोवीस तास मोकळा फिरतो, तिच्याकडे कित्येक ठिकाणी स्थानिक माणूस कुंपणातून पाहतो. २००४ मध्ये गाळणीचे एक छिद्र मोठे झाले. गाळणी फेकून दिली गेली नाही.

२६/
भारतातही हा प्रश्न जुना झालेला नाही. अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ३७७ व्या कलमाचा डंख काढला आणि ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, असे काही न्यायमूर्तींनी नोंदवले. तरीही जानेवारी २०२५ मध्ये ‘ओयो’ने मेरठमधील भागीदार हॉटेलांना अविवाहित जोडपी नाकारण्याची मुभा दिली. कारण? स्थानिक भावना. म्हणजे सबब क्रमांक एक आणि दोन, एकत्र.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकाने यातून उचलावी ती एक कसोटी. एखाद्या दारावर ‘अमक्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी दिसली आणि तिच्यासाठी कायदा, संस्कृती वा गिऱ्हाईक यांचा हवाला दिला गेला, तर एवढेच विचारावे: उद्या या पाटीमुळे मालकाचे नुकसान होऊ लागले, तर ती टिकेल काय? साराटोगा, लंडन, किंग्स्टन, अटलांटा आणि माँटेगो बे यांचा इतिहास समोर आहे. एकाही ठिकाणी मालकाने केवळ विवेकाच्या हाकेने पाटी उतरवल्याचा दाखला मिळत नाही. ती कोणीतरी उतरवायला लावली: कोणी खटला भरून, कोणी जाहिरात नाकारून, तर कोणी सरळ पाण्यात उडी घेऊन.
(समाप्त)